पुस्तकातला खजिना घरात बसून शोधायचा तर आधी जागा धरू नका

प्रश्न बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या एका मुलीचा आहे, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ह्यूस्टनला असणाऱ्या आतेभावानं तिला बायरन प्राइसच्या 'द सीक्रेट' या पुस्तकाची प्रत पाठवलीय, १९८२ चं पुस्तक, १२ चित्रं, १२ कविता, आणि त्यांतल्या खुणांवरनं शोधायच्या अमेरिका-कॅनडात पुरलेल्या १२ पेट्या. ती विचारतेय की काका, खानापुरात बसून हे खरंच जमतं का, सुरुवात कुठून करायची, आणि आतेभावाला कुदळ घेऊन ह्यूस्टनच्या पार्कात कधी पाठवू.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर, होय, जमतं. मी बेळगावला उद्यमबागेत एका फौंड्रीच्या ड्रॉइंग ऑफिसमध्ये ड्राफ्ट्समन होतो, आता रिटायर होऊन सहा वर्षं झाली, आणि हा नाद त्याच्या बराच आधीचा, वीसेक वर्षांचा तरी धर. इंग्लंड, फ्रान्स, अमेरिका, यातल्या एकाही ठिकाणी मी पाय ठेवलेला नाही. टिळकवाडीतल्या घरातलं एक टेबल, ट्रेसिंग पेपर, जुने ॲटलास, दोन-तीन डिक्शनऱ्या आणि इंटरनेट, एवढ्यावर चाललंय. कोडं रचणारा सगळं पुस्तकातच ठेवतो, जागेवर जायचं ते शेवटी वस्तू उचलायला, आणि तेसुद्धा दुसरं कोणी तुझ्यासाठी जाऊ शकतं.

आता तिसरा प्रश्न आधी घेतो कारण खरी अडचण तिथंच आहे. तू ह्यूस्टन ठरवून टाकलंस. पुस्तकातनं ह्यूस्टन आलं का? नाही, आतेभावाच्या पत्त्यावरनं आलं. ह्यूस्टन चूक आहे असं मी म्हणत नाही, न सापडलेल्या पेट्यांसाठी शोधक ज्या शहरांची नावं घेतात त्यात ह्यूस्टन आहेच. खरं एकदा शहर डोक्यात बसलं की चित्रातली प्रत्येक रेघ त्या शहराची वाटायला लागते, ढगात नदी दिसते, साडीच्या काठात रस्ता दिसतो, आणि मग तू पुस्तक वाचत नाहीस, आपलंच म्हणणं पुस्तकाकडनं वदवून घेतेस. वीस वर्षांत मी जेवढी चुकलेली उत्तरं बघितली, माझी स्वतःची धरून, त्यातली बहुतेक इथंच चुकलेली होती.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की न सुटलेल्या पुस्तकाला हातच लावू नको. आधी एक सुटलेलं पुस्तक घे आणि उत्तर माहीत असताना ते पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतःच्या हातानं उलगड. सोडवायला शिकायच्या आधी सुटलेलं कसं दिसतं ते डोळ्यांना कळलं पाहिजे. ड्रॉइंग ऑफिसमध्ये नवीन पोरगं आलं की त्याला आधी तयार पार्ट हातात देऊन त्याचं ड्रॉइंग काढायला लावायचो, तसंच हे.

यासाठी किट विल्यम्सचं 'मास्करेड' यासारखं दुसरं पुस्तक नाही. १९७९ साली इंग्लंडमध्ये आलं. विल्यम्स चित्रकार, त्यानं १८ कॅरट सोन्याचा एक ससा स्वतःच्या हातानं घडवला, तो सशाच्याच आकाराच्या मातीच्या भाजलेल्या डबीत बंद केला (मेटल डिटेक्टर फिरवून कोणाला सापडू नये म्हणून) आणि एका साक्षीदारासमोर रात्रीचा पुरला. मग १५ चित्रांचं पुस्तक काढलं, प्रत्येक चित्राच्या चौकटीभोवती अक्षरं. लोकांनी गोष्ट वाचली, चंद्र-सूर्य बघितले, आकडे मांडले, आणि इंग्लंडभर खड्डे काढले.

उत्तर असं होतं. चित्रातल्या माणसाच्या किंवा प्राण्याच्या डाव्या डोळ्यापासून डाव्या हाताच्या सगळ्यात लांब बोटावरनं सरळ रेघ काढायची, ती चौकटीतल्या ज्या अक्षराला लागेल ते घ्यायचं, मग डाव्या डोळ्यावरनं डाव्या पायाचं सगळ्यात लांब बोट, मग उजवा डोळा आणि उजवा हात, मग उजवा पाय. मी पुण्याच्या जुन्या पुस्तकवाल्याकडनं प्रत मागवली होती, पावसाळ्यातला रविवार, टेबलाची काच उचलून दोन स्टुलांवर ठेवली, खाली बल्ब लावला, चित्रावर ट्रेसिंग पेपर चिकटवला आणि ०.३ च्या पेन्सिलनं रेघा मारायला बसलो. पद्धत मला आधीच माहीत होती, तरी डोळ्याच्या बाहुलीचा मध्य कुठं धरायचा यावर मी पंधरा मिनिटं घालवली कारण अर्धा मिलिमीटर सरकलं की चौकटीशी अक्षर बदलतंय का ते बघायचं होतं. बदललं नाही. रेघ अक्षराच्या बरोबर पोटात जाऊन बसते, दोन अक्षरांच्या मधे लोंबकळत नाही. एका चित्रातनं 'ओव्हर' असा नुसता चार अक्षरांचा शब्द आला तेव्हा मी पेन्सिल खाली ठेवली आणि बराच वेळ त्या रेघांकडंच बघत बसलो. चित्रकारानं हे मोजून ठेवलंय हे त्या कागदावर सरळ दिसत होतं.

१५ चित्रांतनं १५ शब्द किंवा शब्दांच्या जोड्या येतात. त्यांचा अर्थ साधारण असा की कॅथरीनचं लांब बोट जमिनीवर सावली टाकतं, पिवळा ताईत तिथं पुरलाय, विषुवदिनाच्या उजेडात भर दुपारी ते बोट जागा दाखवतं. आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. त्या १५ शब्दांची नुसती पहिली अक्षरं ओळीनं वाच, इंग्रजीत 'क्लोज बाय ॲम्पथिल' असं येतं. ॲम्पथिलजवळ. बेडफर्डशायरमधलं गाव, तिथल्या पार्कात १७७३ साली उभारलेला कॅथरीन राणीचा क्रॉस, आठव्या हेन्रीची पहिली राणी, घटस्फोटाच्या दिवसांत ती तिथल्या किल्ल्यात राहिली होती.

म्हणजे बघ, शब्दांनी सांगितलं की कॅथरीन नावाचं काहीतरी उंच आहे आणि त्याची सावली बघायचीय, आणि त्याच शब्दांच्या पहिल्या अक्षरांनी वेगळ्या वाटेनं येऊन गाव सांगितलं. दोन वाटा, एक जागा. पुस्तकानं स्वतःच होय म्हटलं. मी याला पावती म्हणतो. खऱ्या उत्तराला पावती असते, आणि ती तू मागितलेली नसते. तुझं उत्तर कितीही सुंदर असू दे, पावती नसेल तर ते अजून उत्तर नाही.

सावलीचं थोडं सविस्तर सांगतो कारण ही गोष्ट तुला खानापुरात करून बघता येते आणि जवळजवळ प्रत्येक पुस्तकात कधी ना कधी सूर्य येतोच. विषुवदिनाला सूर्य विषुववृत्तावर असतो म्हणून भर दुपारी सावलीची लांबी फक्त तुझ्या अक्षांशावर ठरते, उंची गुणिले अक्षांशाचा टॅन. बेळगाव साधारण १५.८५ उत्तर. १० फुटी काठीची सावली म्हणजे २.८४ फूट. ॲम्पथिलला अक्षांश ५२, तिथं तीच काठी जवळजवळ पावणेतेरा फुटांची सावली टाकेल. आम्ही एका वर्षी २० मार्चला व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात गल्लीतली पाच-सहा पोरं घेऊन हे मोजलं, १० फुटी बांबू, ओळंबा लावून सरळ उभा केला, दर पाच मिनिटाला सावलीच्या टोकाशी एक खिळा ठोकायचा. बारा वाजता एक पोरगा म्हणाला, काका झालं की, बारा वाजले. मी म्हटलं थांब. सावली अजून आखडतच होती. आपलं घड्याळ ८२.५ रेखांशावर चालतं, बेळगाव ७४.५ च्या आसपास, आठ अंशांचा फरक, अंशाला चार मिनिटं, झाली ३२, त्यात मार्चमध्ये सूर्य घड्याळापेक्षा आणखी सात-आठ मिनिटं मागं. बाराचाळीसच्या सुमाराला सावली सगळ्यात छोटी झाली, टेप लावला, दोन फूट दहा इंच. २.८४ चे तेवढेच होतात. आणि खिळे सगळे एका सरळ रेघेत आले, दोरी ताणून बघितली, कारण विषुवदिनाला सावलीचं टोक पश्चिमेकडनं पूर्वेकडं सरळ रेघेत जातं, इतर दिवशी ती रेघ वाकते. ती पोरं अजून भेटली की खिळ्यांची आठवण काढतात. पुस्तकात 'मध्यान्ह' आलं की घड्याळातले बारा धरायचे नाहीत, हे त्या दिवशी त्यांना कायमचं कळलं.

आता पावती नसलेल्या उत्तराचं काय होतं ते. इंग्लंडमध्ये हेअर्सफील्ड नावाचा एक भाग आहे, नावातच हेअर, म्हणजे ससा. लोक तिकडं एवढे खणायला जायला लागले की शेवटी इथं ससा नाही अशी पाटी लागली आणि तिचा खर्च विल्यम्सनं दिला. नाव जुळलं म्हणून लोक गेले. नाव जुळणं ही सगळ्यात स्वस्त गोष्ट आहे. तुला पटत नसेल तर एक करून बघ, आजचा पेपर घे, कुठल्याही पानावरच्या पहिल्या ३० ओळींची पहिली अक्षरं एका कागदावर लिही, आणि मग त्यातनं हवी ती अक्षरं हव्या त्या क्रमानं उचलायची स्वतःला मुभा दे. आपल्या आसपासची गावं बघ, हलगा निघेल, कडोली निघेल, नंदगड निघेल, जांबोटीसुद्धा निघेल. पेपरवाल्यानं यातलं काही लपवलेलं नाही. मुभा तू घेतलीस म्हणून निघालं. जेवढी मुभा जास्त तेवढा पुरावा कमी.

मी स्वतः हे महागात शिकलो. 'ला शुएत दोर', सोनेरी घुबड, फ्रान्समधली शोधमोहीम, १९९३ साली सुरू झाली, माक्स व्हालाँतँ या टोपणनावानं लिहिणाऱ्या माणसानं कोडी रचली, मिशेल बेकेरनं चित्रं काढली आणि घुबड घडवलं. खरं घुबड सोन्या-चांदीचं, जमिनीत पुरलेली त्याची ब्राँझची प्रतिकृती. ११ कोडी, बहुतेकांवर ५३०, ७८०, ४७० असे आकडे, ते प्रकाशाच्या तरंगलांबीचे नॅनोमीटर. मी, फौंड्रीतलाच एक मित्र, आणि पणजीला फ्रेंच शिकवणारी एक बाई, असे तिघं मिळून बसलो. आमच्या गटात मी नकाशावाला. आणि मी मध्य फ्रान्समधल्या एका चर्चवर अडकलो. आठ महिने. प्रत्येक कोडं त्या चर्चकडं जात होतं, रेघा तिथंच छेदत होत्या, मला झोप लागत नव्हती. मग पणजीच्या बाईंनी एक दिवस फोनवर विचारलं, यातल्या किती पायऱ्या पुस्तकात लिहिल्यात आणि किती तुम्ही घातल्यात? मी वही काढून मोजलं. ३१ पायऱ्या. त्यातल्या २२ ठिकाणी 'समजा' होता. नकाशा कुठला, रेघ मध्यातनं का काठावरनं, माप मैलात का किलोमीटरात, एकेका ठिकाणी मला सोयीचं ते मी घेतलं होतं. मी त्या रात्री ती सगळी ट्रेसिंगं गुंडाळून माळ्यावर टाकली. वाईट वाटलं, अजून वाटतं, कारण आठ महिने दोघांना मी माझ्यामागं फरफटवलं.

ते घुबड ३ ऑक्टोबर २०२४ ला सापडल्याचं जाहीर झालं, ३१ वर्षांनी. व्हालाँतँ तोपर्यंत वारला होता, २००९ मध्येच. जागा फ्रान्सच्या पार पूर्वेला, मोझेल भागात दाबोजवळ. माझ्या चर्चपासून फारच लांब.

त्या आठ महिन्यांनंतर माझी वही बदलली, आणि तुला एकच गोष्ट उचलायची असेल तर ही उचल. पानावर तीन रकाने. पहिल्यात 'पुस्तकात आहे', म्हणजे बोट ठेवून दाखवता येईल असं. दुसऱ्यात 'मी धरून चाललेय'. तिसऱ्यात 'कसं तपासलं'. दुसऱ्या रकान्यातली ओळ तिसऱ्या रकान्याशिवाय दोन आठवड्यांपेक्षा जास्त राहिली तर तिच्यावर उभं केलेलं सगळं खोडायचं. पेन्सिलनं नाही, लाल पेननं, नाहीतर आपण परत तिथंच जातो. आणि तारीख घाल, म्हणजे सहा महिन्यांनी तीच कल्पना नवीन म्हणून परत सुचली की कळतं.

दुसरी तपासणी ड्रॉइंग ऑफिसमधनं आणलेली. आमच्याकडं ड्रॉइंग काढणारा आणि चेक करणारा वेगळा असायचा, आणि चेकरशी बोलायचं नाही असा नियम, कारण बोललं की आपण त्याला आपल्या चुकीत ओढतो. तसं कर. तुला एखादी पद्धत सापडली तर ती चार ओळींत लिही, नुसती पद्धत, उत्तर नाही, आणि पुस्तकाच्या पानासोबत मैत्रिणीला दे. तिला तेच अक्षर, तोच शब्द आला तर पद्धत उभी आहे. तिनं तुला तीनदा फोन करून 'इथं काय धरायचं' विचारलं तर त्या तीन जागा तुझ्या दुसऱ्या रकान्यातल्या आहेत, पुस्तकातल्या नाहीत.

भाषेबद्दल थोडं. कविता मराठीत करून घेऊ नकोस, मोबाईलवरचं भाषांतर तर अजिबात नको. आपल्याकडं 'कर' म्हटलं तर हात होतो, टॅक्स होतो, किरण होतो, आणि आई ओरडली तर काम कर होतं. भाषांतर करणारा यातला एक घेतो आणि बाकीचे तीन तिथंच मरतात, आणि कोडं नेमकं त्या मेलेल्यात असतं. इंग्रजी ओळ इंग्रजीतच वहीत उतरव, शब्दाला शब्दकोशातले सगळे अर्थ खाली लिही, जुना शब्दकोश असला तर जास्त चांगला. खरं आपल्या सीमाभागातल्या पोरांना इथं एक फायदा आहे आणि तो मी कायम सांगतो. घरात मराठी, बाजारात कन्नड, कॉलेजात इंग्रजी, एकाच दुकानाच्या पाटीवर तीन लिप्या, आणि तिन्हीत नावाचा उच्चार थोडा वेगळा. एकाच जागेला अनेक नावं असतात आणि त्यातलं प्रत्येक खरं असतं हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. पुण्या-मुंबईच्या शोधकांना मी बघितलंय, स्पेलिंग जुळत नाही म्हणून बरोबर उत्तर सोडून देतात.

आणि नावं काळानुसार बदलतात. २०१४ च्या नोव्हेंबरात आपल्या शहराचं सरकारी नाव बदललं, १९८२ च्या पुस्तकात कोणी हे शहर लपवलं असतं तर जुनंच स्पेलिंग आलं असतं. तिसऱ्या रेल्वे गेटाला आता उड्डाणपूल आहे, माणसं अजून गेटच म्हणतात. त्यामुळे पुस्तक ज्या साली आलं त्या सालचा किंवा त्याच्या आधीचा नकाशा बघायचा, आजचा सॅटेलाइट फोटो सगळ्यात शेवटी. ग्रंथालयात जुने ॲटलास धूळ खात पडलेले असतात, कोणी मागत नाही, तू माग.

आता तुझ्या पुस्तकाकडं येतो. 'द सीक्रेट' मधल्या १२ पैकी ३ पेट्या सापडल्यात. शिकागो १९८३, क्लीव्हलँड २००४, बॉस्टन २०१९. प्राइस २००५ मध्ये अपघातात गेला आणि उरलेल्या नऊ जागा त्यानं कोणाला सांगून ठेवलेल्या नाहीत. पेटीत एक किल्ली असते, तिच्या बदल्यात रत्न. बॉस्टनवाल्यांना त्याच्या कुटुंबानं रत्न दिलं, म्हणजे खेळ अजून जिवंत आहे.

या पुस्तकाची पहिली अडचण जागा नाहीच, जोडी आहे. कुठल्या चित्राला कुठली कविता ते पुस्तक सांगत नाही. ते आधी. प्रत्येक चित्रात एक रत्न आहे आणि एक फूल आहे, दोन्ही महिन्याची, म्हणजे बारा महिने बारा चित्रं, आणि मागची गोष्ट अशी की जुन्या जगातनं आलेल्या लोकांनी आपापली रत्नं नव्या जगात आणली, म्हणून प्रत्येक चित्राला एक देश किंवा प्रदेश आहे. शिकागोला आयर्लंड, क्लीव्हलँडला ग्रीस, बॉस्टनला इटली. हा देश तुझ्या पहिल्या रकान्यातला आहे, तो चित्रातनं निघतो. क्लीव्हलँडचं बघ, चित्रात अर्धा माणूस अर्धा घोडा, ग्रीक कथांतला, आणि तिथल्याच टर्मिनल टॉवरची आकृती, आणि जी कविता त्याला लागली तिच्यात सॉक्रेटिस, पिंडार, अपेलीस ही नावं येतात. ती नावं क्लीव्हलँडच्या ग्रीक बागेतल्या भिंतीवर कोरलेली आहेत. ग्रीस चित्रातनं आला, टॉवरनं शहर दिलं, कवितेनं भिंत दिली. तीन वाटा. हीच ती पावती.

ह्यूस्टनसाठी तुला हेच करायचंय. चित्र तुला देश देतंय का, आणि तो देश आणि ते शहर यांचा संबंध तू जुळवलास का पुस्तकानं दाखवला? एवढं झाल्याशिवाय आतेभावाला काही सांगू नको. त्याच्यासाठी काम आहे, खरं ते कुदळीचं नाही. जागेवर जाऊन फोटो काढायचे, पाटीवर काय कोरलंय ते अक्षर न् अक्षर लिहून पाठवायचं, पायऱ्या मोजायच्या, आणि तुझा अंदाज काय ते त्याला आधी सांगायचं नाही. ह्यूस्टन असेल नाहीतर दुसरं शहर, सार्वजनिक पार्कात परवानगीशिवाय खणणं तिथं गुन्हाच आहे, आधी शहराच्या पार्क खात्याला लिहायचं. आणि चाळीस वर्षांत पार्क बदललेत, झाडं गेलीत, माती हललीय. बॉस्टनची पेटी पार्काचं नूतनीकरण चालू होतं तेव्हा मशीनच्या खणण्यात निघाली आणि तुकडे झालेली होती, शोधणाऱ्यांनी आधीपासून तिथं लक्ष ठेवलं होतं म्हणून ते तुकडे कोणी फेकले नाहीत.

जिवाचं पण बोलतो, यात हसण्यावारी न्यायचं काही नाही. फॉरेस्ट फेन नावाच्या अमेरिकन माणसानं २०१० मध्ये पुस्तकात २४ ओळींची कविता दिली, त्यात नऊ खुणा, रॉकी डोंगरात पेटी. २०२० मध्ये ती वायोमिंगमध्ये सापडली, खरं तोपर्यंत निदान पाच माणसं शोधताना मेली होती, नदीत, दरीत, थंडीत. फेननं सांगितलं होतं की मी जवळजवळ ऐंशीचा असताना पेटी ठेवली. म्हणजे ऐंशीचा म्हातारा जिथं जाणार नाही तिथं ती असणार नाही, एवढं साधं होतं. ज्यानं लपवलं त्याचं वय, त्याची तब्येत, त्याची गाडी कुठपर्यंत जाते, हे सगळं खुणांइतकंच वाचायचं.

आपल्या इथला प्रकार आणखी वेगळा. तुम्ही मैत्रिणी सरावासाठी राजहंसगडावर किंवा हलशीला काही खेळ करणार असाल तर कुदळ, खुरपं, पहार काहीही बरोबर न्यायचं नाही. आपल्याकडं गुप्तधन या शब्दाला फार वाईट इतिहास आहे, जुन्या देवळांत रात्री खणणारे, पूजा मांडणारे, त्यातनं झालेले गुन्हे. गावकऱ्यांना संशय आला तर त्यांची चूक नाही. आम्ही येळ्ळूरच्या बाजूनं पोरांना घेऊन वर गेलो होतो, हातात फक्त होकायंत्र आणि टेप, तरी एका आजोबांनी थांबवून विचारलं, काय ओ, काय हुडकूलाय? आम्ही वही दाखवली, पोरांनी सावलीचा हिशोब समजावून सांगितला, आजोबा मग अर्धा तास आमच्याबरोबर थांबले आणि बुरुजावरची सावली पूर्वी कुठं पडायची ते त्यांनीच दाखवलं. कायदाही स्पष्ट आहे, पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित जागेत, म्हणजे बेळगावच्या किल्ल्यातली १२०४ ची कमल बस्ती धर, तिथं परवानगीशिवाय खणता येत नाही, आणि कर्नाटकाचा १९६२ चा निखात निधी कायदा असा आहे की जमिनीत खरंच जुनं काही सापडलं तर सरकारला कळवावंच लागतं. म्हणून मी पोरांसाठी जी कोडी रचतो त्यात वस्तू कधीच पुरत नाही. शेवटचं उत्तर म्हणजे एक शब्द, तो शहापुरातल्या एका ओळखीच्या दुकानदाराला जाऊन सांगायचा, तो पाकीट देतो आणि वर कुंद्याचा एक घास.

एक शेवटची गोष्ट राहिली. 'मास्करेड' चा ससा १९८२ मध्ये ज्याला मिळाला त्यानं कोडं सोडवलेलं नव्हतं. त्याच्या धंद्यातल्या भागीदाराची मैत्रीण पूर्वी विल्यम्सबरोबर राहत होती, तिच्याकडनं ॲम्पथिलचा सुगावा लागला होता, आणि हे १९८८ मध्ये वर्तमानपत्रानं बाहेर काढलं. भौतिकशास्त्राचे दोन शिक्षक, त्यांनी सगळं बरोबर सोडवलं होतं, त्या क्रॉसपाशी जाऊन खणलंही होतं, आणि ससा त्यांच्या हाती लागला नाही. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा चिडलो होतो, अजूनही चिडतो. खरं ट्रेसिंग पेपरवर रेघ मारताना मला त्या दोन मास्तरांचीच आठवण येते, त्या दुसऱ्याची नाही. तुला कोणी 'आतली माहिती' म्हणून काही पाठवलं, आणि पाठवतील, तर ती दुसऱ्या रकान्यात लिही आणि तिच्यावर काहीही उभं करू नको.

मग सुरुवात अशी कर. पंधरा दिवस ह्यूस्टनचा नकाशा उघडायचा नाही. पुस्तकातलं क्लीव्हलँडचं चित्र घे, ट्रेसिंग पेपर आणि बल्ब, आणि ग्रीसपासून भिंतीपर्यंतची प्रत्येक पायरी तीन रकान्यांत लिही. मग बाकीची चित्रं, एका रविवारी एकच, फक्त रत्न, फूल आणि देश, शहराचं नाव मनात आलं तर लिहायचं नाही. कुठल्या फुलावर अडलीस ते इथंच लिही, माझ्याकडं बागकामाची दोन जुनी पुस्तकं आहेत, त्यात बघून सांगतो.